घरच्या क्लोरीनच्या स्विमिंग पूलमध्ये मीठ घालावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूल म्हटला की नाशिककराला आधी गोदावरीवरचा होळकर पूल आठवायचा. आता गंगापूर रोडचे बंगले, मखमलाबाद, गिरणारे आणि त्र्यंबक रस्त्याकडची फार्महाऊस इथे दुसऱ्या प्रकारचे पूलही बरेच झालेत. त्यांच्या पाण्याच्या तपासणीचं काम मी करतो, त्यामुळे उन्हाळा लागला की फोन सुरू होतात. पूर्वी विचारायचे, पाणी हिरवं का झालं. हल्ली विचारतात, मीठ टाकू का. तेच ते प्रश्न परत परत आले, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. इथला बहुतेक मजकूर अशा पूलबद्दल आहे ज्यात आजवर गोळ्या, पावडर किंवा लिक्विड क्लोरीन टाकत आलात आणि मिठावर चालणारं मशीन बसवलेलं नाही.

१. मीठ टाकलं की क्लोरीन बंद करता येतं, असं शेजारी म्हणाले. खरं का?

नाही. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. नुसतं मीठ पाण्यातले जंतू मारत नाही आणि शेवाळ थांबवत नाही. ‘लोणचं नाही का मिठानं टिकत?’ असा प्रतिप्रश्न हमखास येतो. लोणच्यात शेकडा पंधरा-वीस भाग मीठ असतं. पूलमध्ये आपण टाकतो ते शेकडा पाव भागही नसतं. समुद्रात शेकडा साडेतीन भाग आहे, तरी खडकांवर शेवाळ उगवतंच. एप्रिलच्या उन्हात क्लोरीन बंद करून मिठाच्या भरवशावर राहिलात, तर तीन-चार दिवसांत पाणी हिरवं दिसू लागेल. डोळ्यांना दिसत नाही तो धोका त्याच्याही आधी सुरू झालेला असेल.

२. मग नुसतं मीठ टाकून मिळतं तरी काय?

पाण्याचा स्पर्श थोडा मऊ वाटतो. पोहून आल्यावर कातडी ओढल्यासारखी कमी होते आणि डोळे कमी चुरचुरतात, असं बरेच जण सांगतात. डोळ्यांच्या बाबतीत त्याला कारणही आहे (प्र. ९). कातडीचं मात्र ज्याच्या त्याच्यावर. एकाच घरात सासूबाईंना फरक जाणवला आणि सुनेला शून्य, असं मी पाहिलं आहे. दीड-दोन हजार पीपीएमच्या (१ पीपीएम म्हणजे १००० लिटर पाण्यात १ ग्रॅम) खाली तर सहसा कुणालाच काही कळत नाही. मीठ ही सोय आहे, गरज नाही. पाणी खराब असेल तर मिठाने सुधारत नाही. ते आधी सुधारा, मग मिठाचं बघू.

३. मित्राकडे ‘सॉल्ट वॉटर पूल’ आहे. ते लोक क्लोरीन टाकतच नाहीत. ते कसं चालतं?

ते क्लोरीन टाकत नाहीत, घरीच तयार करतात. फिल्टरनंतरच्या पाइपात एक सेल असतो. त्यात लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज गेली की मिठाच्या पाण्यातून क्लोरीन, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन तयार होतो. क्लोरीन पाण्यात विरघळून नेहमीचं जंतू मारायचं काम करतो आणि काम संपलं की परत मिठात जमा होतो. म्हणून मीठ फारसं संपत नाही. हे यंत्र म्हणजे सॉल्ट क्लोरीनेटर. त्याला साधारण २७०० ते ३४०० पीपीएम मीठ लागतं, नेमका आकडा मॉडेलवर ठरतो. थोडक्यात, मित्राचा पूल क्लोरीनचाच आहे. फक्त त्याचा कारखाना पंपरूममध्ये आहे.

४. आम्ही कधीच मीठ टाकलेलं नाही, तरी तपासणीत ९०० पीपीएम आलं. रिपोर्ट चुकला का?

बहुधा बरोबर आहे. तुम्ही जे क्लोरीन टाकता ते शेवटी मीठच होतं. लिक्विड क्लोरीन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यातून १० पीपीएम क्लोरीन दिला की अंदाजे १६ ते १७ पीपीएम मीठ पाण्यात वाढतं. टीसीसीएच्या, म्हणजे पूलसाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या नेहमीच्या गोळ्यांतून तेवढाच क्लोरीन दिला तर ८ पीपीएमच्या आसपास. उन्हाळ्यात दिवसाला २ पीपीएम क्लोरीन खर्च होतो असं धरा. तसे ३०० दिवस गेले की लिक्विडवर चालणाऱ्या पूलमध्ये हजारभर पीपीएम मीठ आपसूक साठतं आणि गोळ्यांवर चालणाऱ्यात त्याच्या निम्मं. पीएच खाली आणायला टाकता त्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमधूनही क्लोराइड येतं.

पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागेच राहतं. मग आपण वरून पाणी भरतो, ते पुन्हा उडतं. त्यामुळे चार-पाच वर्षं पाणी न बदललेला ‘साधा’ पूल मोजायला गेलं की दोन हजारच्या घरात निघू शकतो. मालकाला वाटत असतं आपण मीठ टाकावं, आणि पाण्यात ते केव्हाच असतं. म्हणून मोजल्याशिवाय एक पोतंही उघडू नका.

५. मोजायचं कसं? आरओवाल्याचा टीडीएस मीटर चालेल का?

टीडीएस मीटर अंदाज देतो, तोही फसवा. पाण्यात विरघळलेलं सगळंच तो मोजतो. बोअरचं पाणी असेल तर त्या आकड्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मोठ्या प्रमाणात असतात, आणि ते म्हणजे आपलं मीठ नव्हे.

खात्रीचा मार्ग म्हणजे क्लोराइड तपासणी. पाणी तपासणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती होते. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत जातात आणि सूचकाने पिवळं केलेलं पाणी विटकरी झालं की थांबतात. रिपोर्टवर ‘क्लोराइड’पुढे जो आकडा येतो त्याला १.६५ ने गुणा, म्हणजे मीठ मिळेल. ५५० क्लोराइड असेल तर मीठ ९०० पीपीएमच्या आसपास. या तपासणीचं किट घरी वापरायलाही मिळतं. मिठाच्या पट्ट्याही मिळतात. त्या कोरड्या जागी ठेवल्या असतील तर ठीक, पंपरूममध्ये पावसाळा काढला असेल तर फेकून द्या.

६. किती टाकायचं? हिशेब सांगा.

१ पीपीएम म्हणजे १००० लिटरमागे १ ग्रॅम. एवढं लक्षात ठेवलं की कॅल्क्युलेटर अ‍ॅपची गरज नाही.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूल घ्या. पाणी झालं साधारण ४५ हजार लिटर. त्यात आधी ९०० पीपीएम आहे आणि तुम्हाला २००० हवं आहे. फरक ११००. म्हणजे १००० लिटरला १.१ किलो, असे ४५ वेळा, मिळून सुमारे ५० किलो. एक पोतं.

हेच न मोजता ‘शून्यापासून’ धरलं असतं तर ९० किलो टाकलं असतं आणि पाणी २९०० वर गेलं असतं. दुकानदार ‘दोन पोती न्या, सुट्टं देत नाही’ म्हणेल. न्या, पण दुसरं पोतं कोरड्यात ठेवा. मीठ काही नासत नाही. सरासरी खोलीही जिभेवर येईल ती सांगू नका. उथळ बाजू आणि खोल बाजू टेपने मोजून मध्य काढा. बिल्डरने सांगितलेल्या लिटरमध्ये आणि खऱ्या पाण्यात मला बऱ्याचदा मोठा फरक सापडला आहे.

मशीन बसवायचा विचार नसेल तर २००० वर थांबा. पुढे जाऊन फायदा वाढत नाही, धातू आणि दगडाचं दुखणं मात्र वाढतं (प्र. १२).

७. कोणतं मीठ? घरातलं आयोडीनचं, खडे मीठ की आणखी कुठलं?

सॉफ्टनरचं शुद्ध मीठ घ्या, ९९ टक्क्यांच्या वरचं. कारखान्यांत आणि हॉटेलांत पाणी मऊ करण्याच्या यंत्रांना हेच लागतं. त्यामुळे सातपूर-अंबडकडे पाण्याच्या यंत्रणेचं सामान ठेवणाऱ्यांकडे ते मिळतं. दाणेदार मिळालं तर उत्तम. गोळ्यांच्या रूपातलं चालतं, पण विरघळायला वेळ घेतं.

आयोडीनचा लोक जरा जास्तच बाऊ करतात. आपल्याकडे खाण्यासाठी विकायचं मीठ आयोडीनयुक्त असणं बंधनकारक आहे, पण त्यातलं आयोडीन इतकं कमी असतं की ४५ हजार लिटरमध्ये एक पोतं गेलं तरी ते नावालाच उरतं. खरी हरकत दुसरी आहे. टेबल सॉल्ट मोकळं राहावं म्हणून त्यात गुठळी न होऊ देणारे पदार्थ घातलेले असतात. त्यांची काही जात पाण्यात डाग आणू शकते. शिवाय ते महाग पडतं.

आता खडे मीठ. स्वस्त, सहज मिळणारं, मिठागरातून आलेलं. माझी पहिली फजिती याच मिठाने केली. भावाच्या फार्महाऊसवर शंभर किलो ओतलं आणि निळंशार पाणी संध्याकाळपर्यंत उसाच्या रसासारखं झालं. मिठागरातलं मीठ मातीच्या वाफ्यातून खरवडलेलं असतं. त्यात चिखल, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कधी कधी लोह असतं. क्लोरीन लागला की लोहाचा रंग तांबूस होतो. तीन दिवस फिल्टर चालवला, चार वेळा बॅकवॉश केला (उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला), आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या टाइल्सवरचा पिवळा डाग पुढच्या दिवाळीपर्यंत राहिला. वहिनी अजून मला ‘मीठवाले’ म्हणतात.

शंका असेल तर काचेच्या ग्लासात दोन चमचे मीठ विरघळवून तासभर ठेवा. तळाला गाळ बसला तर ते मीठ पूलमध्ये नको.

८. टाकायची पद्धत काय?

पंप चालू ठेवा. खोल बाजूला थोडं थोडं पसरून टाका आणि तळाशी साचलेलं ब्रशने हलवत राहा. एका जागी ढीग राहिला तर तिथलं खारट पाणी जड होऊन तळाशी बसतं आणि टाइल्सच्या सांध्यांतल्या ग्राउटला त्रास देतं. स्किमरमध्ये (कडेची पाणी ओढणारी जाळी) किंवा ओव्हरफ्लोच्या बॅलन्सिंग टँकमध्ये पोतं रिकामं करू नका. तसं केलं तर तीव्र खारट पाणी थेट पंपात आणि हीटरमध्ये जातं. हिशेबाच्या दोन-तृतीयांश मीठ आज टाका, २४ तास पंप चालवा, मोजा आणि मग उरलेलं ठरवा. टाकणं सोपं आहे, काढणं नाही (प्र. १७).

मीठ टाकायला आलेल्या माणसाच्या हातात त्याच दिवशी क्लोरीन आणि अ‍ॅसिडचे डबेही असतात, म्हणून सांगून ठेवतो. टीसीसीएची पावडर आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत, एकाच मगने, ओल्या चमच्याने सुद्धा एकत्र येऊ देऊ नका. आग लागते, स्फोटही होतो. क्लोरीन आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर विषारी वायू निघतो. पंपरूममध्ये या तीन गोष्टींच्या जागा वेगळ्या हव्यात.

९. पाणी खारट लागेल का? डोळ्यांना झोंबेल का?

२००० पीपीएम म्हणजे लिटरला २ ग्रॅम. जुलाबात देतात त्या ओआरएसच्या लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय इतर क्षार वेगळे. सलाइनच्या बाटलीत लिटरला ९ ग्रॅम आणि समुद्रात ३५ च्या आसपास. तेव्हा २००० ला बहुतेकांना चव कळत नाही. ३००० च्या पुढे काहींना कळू लागते.

डोळ्यातल्या पाण्यातलं मीठ सलाइनइतकंच असतं. साधं पाणी त्याच्या मानाने फारच अळणी, म्हणून ते डोळ्यांना परकं वाटतं. मीठ थोडं वाढलं की ही तफावत थोडी कमी होते. पण डोळे लाल होत असतील तर आधी पीएच बघा, तो ७.२ ते ७.८ मध्ये हवा. मग प्र. ११ वाचा.

१०. वडिलांना बीपी आहे. मिठाच्या पाण्यात पोहलेलं चालेल का?

कातडीतून मीठ शरीरात शोषलं जाऊन बीपी वाढेल, अशी भीती बाळगायचं कारण नाही. पोहताना चुकून ३० मिली पाणी पोटात गेलं तरी २००० पीपीएमला ते ०.०६ ग्रॅम मीठ होतं. पापडाच्या तुकड्यात त्याहून जास्त निघेल. पोहण्याच्या श्रमाबद्दल मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

११. क्लोरीनचा उग्र वास येतो. मिठाने जाईल का?

जाणार नाही. तो वास बहुतेक वेळा जास्त क्लोरीनचा नसून क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी भिडून अर्धवट खर्ची पडलेला तो क्लोरीन. म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडतोय. उपाय म्हणजे संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस, रात्रभर पंप आणि पोहण्याआधी सगळ्यांना सक्तीची आंघोळ. पिवळा रंग देणारं थेंबांचं स्वस्त किट मोकळा आणि अडकलेला क्लोरीन एकत्रच दाखवतं, त्यामुळे ‘किटवर तर भरपूर दिसतोय’ अशी फसगत होते. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या.

१२. कडेला शहाबादी फरशी आहे आणि स्टीलची शिडी. काही होईल का?

इथे मी थोडा कडक आहे. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड. मुलं उड्या मारतात, पाणी फरशीवर उडतं. आपल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते मिनिटांत वाळतं. पाणी गेलं तरी मीठ दगडाच्या बारीक छिद्रांत बसून स्फटिक धरतं आणि दगडाला आतून ढकलतं. आधी पांढरी पावडर दिसते, मग पापुद्रे सुटतात. एका दिवसात होत नाही, दोन-तीन उन्हाळ्यांत होतं. आणि दोष ‘निकृष्ट फरशी’वर जातो.

पोहणं झालं की साध्या पाण्याने कडेची फरशी धुवा. फरशीला उतार बाहेरच्या बाजूला हवा. दगडात मुरणारा सीलर दर एक-दोन वर्षांनी मारा. नवीन काम करत असाल तर ग्रॅनाइट किंवा आपल्याकडचा घट्ट काळा दगड निवडा. तो जास्त टिकतो.

शिडी ३०४ स्टीलची असेल तर पाण्याच्या रेषेशी तांबूस ठिपके येतील. ३१६ बरीच टिकते. दोन्हींना महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसलं तर आयुष्य वाढतं. तांब्याचं कॉइल असलेला हीटर, लोखंडी स्क्रू, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या यांची यादी करून ठेवा. मिठामुळे पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता वाढते. त्यामुळे दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असतील तर कमजोर धातू लवकर झिजतो. पूलमधले दिवे, शिडी आणि पंप यांचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ईएलसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बटण दाबून पाहा. हे मीठ टाकलं नाही तरी करायचंच.

१३. आमचा पूल आरसीसीचा, वर ग्लास मोझॅक. सळ्या गंजतील का?

वॉटरप्रूफिंग आणि ग्राउट शाबूत असेल तर २००० पीपीएमला घाबरू नका. पण पूल गळत असेल तर मीठ टाकायचंच नाही. भेगेतून जाणारं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू होतो आणि फुगलेली सळई काँक्रीट फोडते.

गळतीची साधी परीक्षा: पूलच्या पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवा आणि आतल्या-बाहेरच्या पातळीवर खूण करा. पंप बंद ठेवून चोवीस तासांनी पाहा. पूलची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तर ते बाष्पीभवन नाही.

१४. मीठ टाकल्यावर क्लोरीनचा डोस, पीएच वगैरे बदलतं का?

नाही. डोस पूर्वीसारखाच. मीठ पीएच बदलत नाही.

मात्र वर्षानुवर्षं टीसीसीएच्या गोळ्या वापरत असाल तर मिठाआधी स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड, तपासून घ्या. गोळीतून १० पीपीएम क्लोरीन दिला की ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात राहून जातो. ३० ते ५० पीपीएम असेल तर तो उन्हापासून क्लोरीन वाचवतो. दोनशेच्या वर गेला की क्लोरीन जणू बांधलेला राहतो आणि किटवर दिसूनही पाणी हिरवं पडतं. अशा पाण्यात मीठ टाकणं म्हणजे वरून तीट लावणं. त्यावर उपाय एकच, थोडं पाणी बदलणं. आणि पाणी बदललं की टाकलेलं मीठही गेलं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

१५. पावसाळ्यात मिठाचं काय होतं?

वाहून जातं. सरासरी १.४ मीटर खोल पूलवर १०० मिलिमीटर पाऊस पडून तेवढंच पाणी ओव्हरफ्लोने गेलं तर साधारण सात टक्के मीठ गेलं, म्हणजे २००० चे १८६० झाले. नाशिक शहरात हंगामभर हे हळूहळू होतं. पूल त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या बाजूला असेल तर दिवाळीला तुम्ही जवळपास गोड्या पाण्यावर परत आलेले असाल. गच्चीचं पाणी पूलमध्ये उतरत असेल तर आणखी लवकर.

तेव्हा मृगाच्या तोंडावर मीठ टाकू नका. दसऱ्यानंतर मोजा आणि मग ठरवा.

१६. आम्ही बोअरच्या पाण्याने भरतो. फरक पडतो का?

पडतो, पण मिठामुळे कमी आणि कठीणपणामुळे जास्त. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने मऊ. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर टाइल्सवर पांढरी रेघ धरते आणि पुढे मशीन बसवलंत तर सेलच्या पट्ट्यांवर चुना साचतो. भरण्याआधी बोअरच्या पाण्याचं क्लोराइड आणि हार्डनेस दोन्ही तपासा. उन्हाळ्यात टँकर मागवत असाल तर प्रत्येक टँकर वेगळ्या विहिरीचा असू शकतो, हे गृहीत धरून पूल भरल्यावर पुन्हा मोजा.

१७. जास्त पडलं. आता?

थोडं पाणी काढून गोडं भरा. दुसरा मार्ग नाही. मीठ उडत नाही, सँड फिल्टरमध्ये अडकत नाही आणि कुठलीही पावडर त्याला ‘मारत’ नाही. २९०० वरून २००० वर यायचं तर जवळपास तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागेल. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र पूल रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामं टाकं खालून उचललं जाऊ शकतं, तडे जातात. पावसाळा तोंडावर असेल तर काहीच करू नका, पाऊसच काम करेल (प्र. १५).

१८. बॅकवॉशचं पाणी आजवर बागेला सोडतो. मीठ टाकल्यावर चालेल? शेजारी द्राक्षं आहेत.

द्राक्षाला अजिबात नको. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि नाशिकमध्ये तो पहिला असायला हवा.

वेलीच्या दृष्टीने पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) मीटरला १ डेसिसीमेन्सच्या आत असली तर बरं, असं धरतात. २००० पीपीएम मिठाच्या पाण्याची ४ च्या आसपास जाते. क्लोराइड पानांत साठतं आणि पानांच्या कडा करपतात. बाग डॉगरिजच्या (क्षार सोसणाऱ्या जातीच्या) खुंटावर असेल तर थोडी सहन करेल, पण सहन करणं म्हणजे चालणं नव्हे. सोडियमने काळी जमीन चोपण होते, ती वेगळीच कटकट.

आकडा बघा. तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये पाचशे लिटर पाणी जातं, म्हणजे एक किलो मीठ. आठवड्याला एकदा धरलं तर वर्षाला एक पोतं मीठ त्याच एका कोपऱ्यात पडतंय. शेजाऱ्याच्या बांधाशी ते मुरलं तर भांडण बांधाचं राहणार नाही.

मीठ न टाकलेल्या जुन्या पूलचं पाणीही काही अमृत नसतं (प्र. ४). विहिरीच्या, बोअरच्या किंवा नाल्याच्या दिशेने ते सोडू नका, नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. महापालिका हद्दीत मलनिस्सारणाची जोडणी असेल तर त्यातच सोडा. फार्महाऊसवर तशी सोय नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: मीठ टाकू नका.

१९. पुढच्या वर्षी सॉल्ट क्लोरीनेटर बसवायचा आहे. आतापासून मीठ टाकून ठेवू का?

घाई कशाला? मधला पावसाळा ते धुऊन नेईल. मशीन घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा. पाण्यातलं आत्ताचं मीठ आणि स्टॅबिलायझर मोजा. मशीनला स्टॅबिलायझर ६० ते ८० लागतो, साध्या पूलपेक्षा जास्त. आणि प्र. १२ मधली यादी पुन्हा बघा, कारण आता पातळी ३००० च्या आसपास जाणार. सेल कायमचा टिकत नाही, काही वर्षांनी बदलावा लागतो. दरवर्षीच्या क्लोरीनच्या खर्चाशी तुलना करताना सेलची किंमत धरा, नुसत्या मिठाची नको.

२०. मशीन बसवलंय. तरी गोळ्या टाकल्या तर चालेल का?

लाइट जास्त वेळ गेली किंवा मशीन बंद पडलं तर लिक्विड क्लोरीन टाका, बिनदिक्कत. गोळ्या टाळा, स्टॅबिलायझर वाढत जातो (प्र. १४). मशीनवर पीएच आपोआप वर चढतो, म्हणून अ‍ॅसिड मात्र नियमित लागेल.

२१. थंडीत मशीन ‘कोल्ड वॉटर’ दाखवून थांबतं. बिघडलं का?

नाही. गार पाण्यात सेलवर ताण येतो, म्हणून बरीच मॉडेलं १० ते १५ अंशांच्या आसपास स्वतःहून थांबतात. निफाडकडे पारा एक आकडी होतो त्या दिवसांत हे होऊ शकतं. तेव्हा पोहायला कुणी उतरत नाही आणि क्लोरीनही कमी लागतो. लिक्विडवर महिना काढा. मीठ कमी झालंय समजून पोतं ओतणारे भेटतात, म्हणून हा प्रश्न इथे घेतला. गार पाण्यात काही मशीन मीठही कमी दाखवतात. हाताने मोजा.

२२. सैंधव, एप्सम सॉल्ट, तुरटी: यातलं काही चालेल का?

सैंधव महाग आणि त्यातल्या गुलाबी रंगाचं कारण लोह, म्हणून नको. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते आपलं मीठ नाही, त्यावर मशीन चालत नाही आणि जास्त सल्फेट ग्राउटला बाधतं. तुरटीचं काम वेगळंच आहे. गढूळ पाण्यातली माती ती तळाला बसवते आणि पीएच खाली आणते. त्या गाळाची व्हॅक्यूमने ‘वेस्ट’वर (फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर) सफाई करावी लागते. मिठाशी तिचा संबंध नाही.

२३. आमचा कुत्रा पूलचं पाणी पितो.

चार घोटांनी काही होत नाही. पण २००० पीपीएमला एक लिटर प्यायला तर दोन ग्रॅम मीठ, आणि दुपारच्या उन्हात मोठा कुत्रा लिटरभर सहज पितो. पूलजवळ सावलीत गोड्या पाण्याचं भांडं ठेवा आणि रोज बदला. फार्महाऊसवर गाय, वासरू मोकळं असेल तर त्यांच्यासाठीही वेगळी डोणी भरा आणि पूलला कुंपण घाला. वासराला पूलमधून बाहेर काढणं काय असतं ते एकदा अनुभवलंय.